अपघातानंतर विमा कंपनी वरून बसवलेल्या अलॉय, स्टिरिओ, लाइटचे पैसे धरते का? टोटल लॉस म्हणतायत, मदत करा

फोंडेकर_८४

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण चार दिवस झाले डोकं सुन्न आहे म्हणून सगळं एकदमच सांगतो. मंगळवारी रात्री साडेआठच्या सुमारास बाणस्तारी पूल ओलांडून फोंड्याकडे येत होतो, पाऊस धो धो, समोरून एक टेंपो ओव्हरटेक करत सरळ माझ्या अंगावर आला. मी डावीकडे दाबली तरी ड्रायव्हर साइडचा पुढचा कोपरा त्याने नेलाच आणि डावं चाक गटारात जाऊन आपटलं. बाबा शेजारी बसलेले, दोघांचे बेल्ट लावलेले होते आणि एअरबॅग उघडल्या म्हणून वाचलो, बाबांच्या हाताला फक्त खरचटलंय. पोलिसांनी पंचनामा केला, टेंपो चुकीच्या बाजूला होता हे त्यात लिहिलंय.

गाडी सप्टेंबर २०२० ची हॅचबॅक, मधलं व्हेरिएंट, म्हणजे कंपनीकडून साधे लोखंडी रिम आणि साधा रेडिओ. मी हळूहळू एकेक करत गेलो, अलॉय आणि टायर ४८ हजार, स्टिरिओ-स्पीकर-अँप-मागचा कॅमेरा मिळून ४१ हजार, प्रोजेक्टर हेडलाइट साडेअठरा हजार, सीट कव्हर आणि सिरॅमिक कोटिंगचे २२ हजार. एक लाख तीस हजाराच्या आसपास गेले. स्टिरिओ तर खास बाबांसाठी घेतलेला, दर सोमवारी मंगेशीला नेतो त्यांना आणि जाता येता नाट्यगीतं लागतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा.

आता गॅरेजवाल्याने ३,४१,००० चं एस्टिमेट काढलंय आणि म्हणतो पॉलिसीवर आयडीव्ही (म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत) ४,२०,००० आहे, त्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेलं, गाडी टोटल लॉस होणार, म्हणजे कंपनी दुरुस्ती न करता आयडीव्ही देऊन मोकळी होणार, मनाची तयारी ठेवा. मग ४,२०,००० मध्ये माझे ते एक लाख तीस हजार कुठे गेले? बिलं सगळी आहेत माझ्याकडे. बाजारात अशी गाडी आज सव्वापाच लाखाला विकली जाते, मी स्वतः बघितलंय. झिरो डेप (पार्ट बदलताना जुनेपणाची घट न कापणारं कव्हर) घेतलेलं आहे. नुकसान तपासणारा सर्व्हेअर एकदा येऊन फोटो काढून गेला, रिपोर्ट अजून दिलेला नाही. काय करू सांगा.

मडगावची_ताई

आधी तुम्ही आणि बाबा सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी विम्याचंच काम करते, १४ वर्षं झाली, म्हणून स्पष्टच सांगते, वाईट वाटून घेऊ नका. बिल असणं आणि पॉलिसीवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीचा पहिला कागद उघडा, त्यात आयडीव्हीचा एक तक्ता असतो, वाहनाची किंमत, त्याच्या बाजूला इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज, मग नॉन-इलेक्ट्रिकल, मग सीएनजी-एलपीजी किट, आणि शेवटी एकूण. त्या मधल्या रकान्यांत शून्य असेल तर कंपनीच्या दृष्टीने तुमच्या गाडीवर ते सामान नव्हतंच. अलॉय नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये, स्टिरिओ, कॅमेरा, लाइट हे इलेक्ट्रिकलमध्ये धरतात. कोटिंग ही वस्तूच नव्हे त्यामुळे ते त्यात बसतच नाही, ते २२ हजारांतले पैसे विसरा.

आणि आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे हो, हे मी रोज दहा जणांना सांगते. तुमच्या मॉडेल-व्हेरिएंटची कंपनीने जाहीर केलेली किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घट कापायची. ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांत ५०. पाच वर्षांनंतर मात्र दोघांच्या संमतीने ठरते. तुमची पॉलिसी सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली असणार, गाडी चार वर्षांची झालेली, ८,४०,००० चे अर्धे ४,२०,०००, हिशोब बरोबर जुळतो. तो आकडा वर्षभर तसाच राहतो, अपघाताच्या दिवशी बाजारात काय चाललंय ते बघत नाहीत.

एक विचारते, पहिल्या वर्षी शोरूमकडून घेतलेली पॉलिसी आहे का जवळ? ती पण बघा.

फोंडेकर_८४

ताई, आत्ताच कपाट उघडून बसलो. दुसऱ्या वर्षीच्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज ३५,००० लिहिलेलं आहे! तेव्हा एजंटने स्टिरिओचं बिल मागून घेतलेलं आठवतंय. तिसऱ्या वर्षी मी मोबाईलवरून दुसऱ्या कंपनीकडे रिन्यू केली, दोन हजार वाचले म्हणून, आणि त्यानंतरच्या सगळ्या पॉलिसीत तिथे शून्य आहे. मला कोणी काही विचारलंच नाही.

मडगावची_ताई

मला तीच भीती होती. तिथे विचारलेलं असतं, पण आधीच शून्य भरलेला एक छोटा रकाना असतो आणि माणूस पुढे पुढे दाबत जातो. कंपनी बदलली की जुन्या कंपनीकडचं अॅक्सेसरीजचं मूल्य आपोआप येत नाही, नो क्लेम बोनस तेवढा येतो. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे, इलेक्ट्रिकल सामानाच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम, अजूनही बऱ्याच ठिकाणी तोच दर चालतो. म्हणजे ४१ हजारांवर वर्षाला १,६४० आणि वर जीएसटी. एवढ्यासाठी लोक अडकतात आणि मला खरंच जीव तुटतो.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. शोरूममध्ये बसवलं म्हणजे कंपनी फिटेड असं नसतं. कारखान्यातून त्या व्हेरिएंटवर जे येतं त्याचीच किंमत आयडीव्हीत असते. डिलरने डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तुमच्याकडून वेगळे पैसे घेऊन अलॉय लावले, त्याच ब्रँडचे अस्सल असले तरी ते वेगळेच जाहीर करावे लागतात. रिटर्न टू इनव्हॉइस (टोटल लॉसला मूळ खरेदीची किंमत देणारं जादा कव्हर) घेतलंय म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात मूळ खरेदीच्या इनव्हॉइसवरची किंमत बघतात, दोन वर्षांनी दुकानात जाऊन बसवलेला स्टिरिओ त्या कागदावर नसतोच.

निवृत्त_सर्व्हेअर

फोंडेकर, घाई करू नका आणि टोटल लॉसच्या कुठल्याही संमतीपत्रावर अजून सही करू नका. मी २० वर्षांवर हेच काम केलंय, गोव्यात आणि थोडं सिंधुदुर्गात. गॅरेजवाला सांगतो म्हणून टोटल लॉस होत नाही, ते सर्व्हेअरने ठरवायचं असतं आणि त्याने अजून रिपोर्ट दिलेला नाही असं तुम्हीच म्हणताय.

नियम असा की पॉलिसीच्या अटींप्रमाणे दुरुस्तीचा, गाडी ओढून आणण्यासकट खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला तर टोटल लॉस. तुमचे ७५ टक्के म्हणजे ३,१५,०००. आता पॉलिसीच्या अटींप्रमाणे हे शब्द महत्त्वाचे आहेत. ३,४१,००० च्या एस्टिमेटमध्ये गॅरेजने तुमचे अलॉय, प्रोजेक्टर, स्टिरिओ सगळं नवीन धरलंय का ते बघा. मला जवळजवळ खात्री आहे की धरलंय, कारण गॅरेजवाला गाडीवर जे मोडलं ते लिहून काढतो, पॉलिसीवर काय आहे हे तो बघत नाही. जे सामान कंपनी देणारच नाही ते धरून गाडीला टोटल लॉसमध्ये ढकलणं बरोबर नाही. असं मी माझ्या काळात तीन-चार वेळा तरी बघितलंय, मालकाला वाटतं आपण खर्च करून गाडीची किंमत वाढवली आणि प्रत्यक्षात तोच खर्च एस्टिमेट फुगवून चांगली दुरुस्त होणारी गाडी भंगारात नेतो.

एस्टिमेटची प्रत मागून घ्या आणि ओळीओळीने वाचा. आणि गाडीचं पुढचं एप्रन (बोनेटखाली चाकाच्या आतला पत्रा), चासिसचा म्हणजे सांगाड्याचा लांब तुकडा वाकलाय का तेही विचारा. तो वाकला असेल तर मात्र मी स्वतः सांगेन की टोटल लॉस घ्या, पैशांचा प्रश्न बाजूला ठेवा, त्या गाडीत बाबांना बसवू नका.

साखळीकर

माझं पण सांगतो, थोडं वेगळं आहे पण उपयोग होईल. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चोर्ला घाटात माझ्या गाडीवर झाड पडलं, छप्पर आणि पुढची काच गेली. गाडीत सीएनजी किट होतं, बाहेरून बसवलेलं, आरसीवर चढवायचं राहून गेलेलं, आज करू उद्या करू म्हणत वर्ष गेलं. कंपनीने क्लेम सरळ नाकारला, म्हणे वाहनात परवानगीशिवाय बदल केलाय. मी म्हटलं अहो झाड वरून पडलं, किट डिक्कीत आहे, त्याचा झाडाशी काय संबंध. आठ महिने पत्रव्यवहार केला. एका ओळखीच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा २०१० चा अमलेंदू साहू निकाल दाखवला, त्यात खाजगी गाडी भाड्याने दिलेली होती, म्हणजे पॉलिसीची अट मोडलेली होती, तरी कोर्टाने क्लेम पूर्ण नाकारणं मान्य केलं नाही, नॉन-स्टँडर्ड म्हणून काही भाग द्यायला लावला. त्याचा आधार घेऊन लिहिल्यावर कंपनी क्लेमच्या ७५ टक्के द्यायला तयार झाली. किटचे पैसे अर्थात शून्य.

हे आपल्या गोव्यात जास्त लागू पडतं असं मला वाटतं, कारण कित्येक जण खाजगी नंबरची गाडी सीझनमध्ये पर्यटकांना भाड्याने देतात, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं नसताना. अपघात झाला की सगळंच अंगावर येतं.

म्हापसा_गॅरेज

नमस्कार, माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, इलेक्ट्रिकची कामं जास्त. सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा काय बघतो ते सांगतो. बोनेट उघडून हेडलाइटच्या मागे हात घालतो. वायर कापून काळी टेप गुंडाळून जोड दिलेला असला की त्याचं तोंड बदलतं, फोटो काढतो, मग नुसता लाइटचा प्रश्न राहत नाही, शॉर्टसर्किट म्हटलं की अख्ख्या वायरिंगचा क्लेम लटकतो. तोच लाइट कपलरने (वायर न कापता जोडायच्या तयार प्लगने) बसवला असेल, रिले आणि फ्यूज वेगळा असेल, तर कंपनीचं वायरिंग जसंच्या तसं असतं आणि कोणी काही बोलू शकत नाही. चारशे-पाचशे रुपयांचा फरक असतो, गिऱ्हाईक तेवढ्यासाठी टेप लावायला सांगतं.

फोंडेकर, तुमचे अलॉय किती इंची? मूळ १५ चे १६ केले असतील आणि वरच्या व्हेरिएंटला कंपनीच १६ देत असेल तर सहसा त्रास होत नाही. त्यापेक्षा मोठे, बाहेर आलेले टायर असले तर प्रश्न विचारतात. पुढे बुलबार लावलेला नाही ना? केंद्राने २०१७ मध्येच त्याला मनाई केलीय, तरी लोक येतात लावायला, मी नाही म्हणतो. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की आरसीवरच्या मूळ तपशीलात बसणार नाही असा बदल करायचा नाही.

फोंडेकर_८४

सर्व्हेअर काका, तुमचे पाय धरायला हवेत. काल एस्टिमेट घेऊन आलो आणि रात्री बाबा आणि मी टेबलावर पसरून बसलो, बाबा एकेक ओळ वाचत होते आणि मी पेन्सिलने खूण करत होतो. दोन अलॉय आणि दोन टायर २४,०००, प्रोजेक्टरचा सेट १८,५००, स्टिरिओ आणि अँप ३१,०००. म्हणजे ७३,५०० माझ्या सामानाचेच! ते काढले तर २,६७,५०० उरतात. त्यात कंपनीचे साधे हेडलाइट आणि दोन लोखंडी रिम-टायर धरले, पार्टच्या दुकानात विचारलं तर ते २३,००० पर्यंत होतात, तरी २,९०,५००. ३,१५,००० च्या खालीच राहतं.

चासिसचं पण विचारलं, गॅरेजवाला म्हणतो लांब तुकडा सरळ आहे, समोरचा आडवा सपोर्ट आणि उजवं एप्रन बदलावं लागेल. अलॉय १५ चे १६ आहेत आणि वरच्या व्हेरिएंटला तीच साइज आहे. बुलबार नाही. वायर कापलेली नाही, मी त्यावेळी उभा राहून कपलरनेच करून घेतलेलं.

आता प्रश्न असा की हे सर्व्हेअरला कसं सांगू, तो म्हणाला तर की गॅरेजचं एस्टिमेट तेच खरं? आणि समजा झालाच टोटल लॉस तर गाडीवरचं सामान मी काढून घेऊ शकतो का? जे त्यांनी धरलंच नाही ते त्यांच्या भंगारात का जावं?

निवृत्त_सर्व्हेअर

तोंडी सांगू नका, ईमेल करा. अगदी साधं लिहा, की खालील तीन बाबी माझ्या पॉलिसीवर जाहीर नाहीत, त्यांचा दावा मी करत नाही, त्यांच्या जागी कंपनीच्या मूळ पार्टची किंमत धरून असेसमेंट करावं आणि ७५ टक्क्यांचा हिशोब त्यावर व्हावा. क्लेम नंबर घाला, जुळवलेला तक्ता जोडा, कंपनीच्या क्लेम विभागाला प्रत ठेवा. आम्हा लोकांकडे एका वेळी बऱ्याच गाड्या असतात, मालकाने इतकं स्वच्छ लिहून दिलं तर काम सोपं होतं, कोणी रागावत नाही. गॅरेजकडूनही सुधारित एस्टिमेट घ्या. हेडलाइट आणि रिमच्या बाबतीत काही सर्व्हेअर मूळ पार्टची किंमत देतात, काही नाही देत, पण मागितल्याशिवाय कोणीच देत नाही.

सामान काढायचं तर आधी लेखी परवानगी घ्या, गपचूप स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाऊ नका. टोटल लॉसमध्ये गाडी जशी उभी आहे तशीच भंगारवाल्यांना दाखवून बोली घेतात. फोटोत अलॉय आणि स्टिरिओ दिसत असताना बोली लागली आणि मागाहून तुम्ही ते काढलं तर तो खरेदीदार भांडतो आणि तुमचे पैसे अडकतात. बोलीच्या आधी विचारलं, सामानाची यादी करून सही घेतली, की बहुधा काढू देतात.

मडगावची_ताई

आणखी एक वाट आहे जी कोणीच सुचवली नाही. टेंपो चुकीच्या बाजूला होता हे पंचनाम्यात आहे ना? मग जे तुमची कंपनी देत नाही, ते फुटलेले अलॉय, लाइट, स्टिरिओ, त्यांची भरपाई टेंपोच्या थर्ड पार्टी विम्याकडून मागता येते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत मर्यादा असते, तुमची रक्कम त्यात सहज बसते. तिथे पॉलिसीवर जाहीर होतं की नाही हा प्रश्न नाही, त्याने तुमची वस्तू मोडली एवढंच, आणि तिथे तुमची बिलं कामाला येतील. अर्थात नव्याची किंमत नाही मिळणार, वापर वजा करतील, आणि वेळ लागतो. कायद्यात दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलीय त्यामुळे वकिलाला आत्ताच भेटा. तुटलेले रिम आणि तो स्टिरिओ भंगारात देऊ नका, पुरावा आहे तो.

आणि आपल्या कंपनीने ऐकलंच नाही तर आधी त्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कार्यालय गोव्याबाहेरचं लागतं, पण ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत करायची.

फोंडेकर_८४

अकरा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला माफ करा. ईमेल केला त्याच्या तिसऱ्या दिवशी सर्व्हेअरचा फोन आला, सुधारित एस्टिमेट घेऊन गॅरेजवरच भेटलो. त्याने गाडी जॅकवर घेऊन खालून माप घेतलं, अर्धा तास बघत होता. टोटल लॉस नाही, दुरुस्तीला मंजुरी मिळाली! हेडलाइट कंपनीचे साधे धरले, रिमला आधी नाही म्हणाला, मग मूळ लोखंडी रिमची किंमत दोन चाकांना दिली. माझ्याकडून १,००० ची सक्तीची वजावट आणि थोडंफार किरकोळ जाईल. एअरबॅगचे पार्ट यायला तीन आठवडे सांगितलेत.

स्टिरिओचा स्क्रीन फुटलाय तो लेखी यादी करून काढून घेतला, पुराव्यासाठी पिशवीत घालून ठेवलाय. त्याच्या मागे लावलेला बाबांचा पेनड्राइव्ह मात्र शाबूत निघाला. टेंपोवाल्याच्या बाबतीत सोमवारी वकिलांना भेटतोय. सप्टेंबरात रिन्यू करताना सगळं सामान किमतीसकट लिहून घेणार, ताई तेव्हा तुम्हालाच त्रास देईन. सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं.

शेवटचं एक. अलॉय घेताना मूळ रिम दुकानदाराला एक्सचेंजमध्ये देऊन बसलो, आता दोन अलॉय आणि दोन लोखंडी असं कसं चालवणार. कोणाकडे १५ इंची चार होलचे जुने लोखंडी रिम पडून आहेत का, दोन असले तरी चालतील?

म्हापसा_गॅरेज

माझ्याकडे तीन आहेत, एकाला थोडा गंज आहे तो घासून रंग मारून देतो. होलमधलं अंतर मोजून कळवा, १०० मिलिमीटर असेल तर बसतील. रविवारी सकाळी गॅरेज उघडं असतं.